तीन नंबर

तार एकच. टोकाला पाच पिना,
त्यातल्या दोन नुसत्याच बसलेल्या,
लग्नाला आलेल्या लांबच्या नातेवाइकांसारख्या.
उरलेल्या तिघींवर माझा अख्खा वाद्यवृंद.

सायमा सरोवराच्या काठी, पुमालाच्या पुढे,
लाकडी नाचघर. शनिवार. रात्रीचे अकरा,
आणि उजेड अजून जायचं नाव घेत नाही.
मी इर्या. वय एकोणसत्तर. मांडीवर अकॉर्डियन,
त्याच्या पोटात कुओपिओहून आलेला एक पोरगा
बटणाबटणाखाली सेन्सर बसवून गेला.
आता भाता ओढते मी एकटी,
आणि बोलतात चौघं.

उजवा हात एक नंबर. व्हायोलिनं.
डाव्या हाताचे स्वरमेळ दोन नंबर, त्यावर ऑर्गन.
खर्जाची बटणं तीन नंबर. बास.
दहावर ढोल-झांजा, डब्यात आधीच भरून ठेवलेल्या;
दहा म्हणजे ठेकाच, असं कुठे तरी ठरलंय,
मी विचारायला गेले नाही.

मला आवडतं ते हे, की
प्रत्येक निरोप प्रत्येक डब्याला ऐकू जातो.
सोळा दारांवरून एकच पोस्टमन, पाकिटं उघडी,
तरी ज्याचं नाव नाही तो वाचत नाही.
आमच्या गावात असं कधी झालेलं नाही.

भानगडीही होतात. मागच्या उन्हाळ्यात
‘सोड’ हा निरोप वाटेत हरवला
आणि ऑर्गनचा एक सूर धरूनच बसला.
तार उपटली तरी थांबेना.
धरायला सांगितलं होतं, सोडायला कुणी सांगितलंच नव्हतं.

पूर्वी आम्ही पाच जण. एक व्हॅन, हीटर कायमचा बिघडलेला.
आयला स्वीडनला गेली, तिकडचीच झाली. तिच्यामागे तिचा भाऊ.
ओर्वो ढोलवाला, अंगणातला बर्फ उपसता उपसता
एका फेब्रुवारीत खाली बसला, तो बसलाच.
ताइस्तो मात्र इथेच आहे. बास वाजवायचा.
बोटं आखडली. आता दर शनिवारी
रीतसर तिकीट काढून येतो
आणि नाचतो, स्वतःच्या जागी वाजणाऱ्या डब्यावर.
तक्रार नाही. एकदाच म्हणाला,
“तो कधी चुकत नाही गं. ऐकायला जड जातं.”

आज तिसरा टँगो. ताइस्तो पोस्टातल्या हेल्मीबरोबर.
फिरता फिरता मंचाजवळ आले
आणि मला त्याचा डावा हात दिसला,
हेल्मीचा हात धरलेला, आणि बोटं दाबत होती:
पहिलं, तिसरं, पुन्हा पहिलं,
तिच्या तळहातावर नसलेल्या तारा.
किंचित उशिरा. तो नेहमीच किंचित उशिरा यायचा,
त्यावरून केवढी भांडणं केली मी त्या व्हॅनमध्ये.

पायाशी एक स्विच आहे.
तीन नंबर गप्प केला.

व्हायोलिनं अधांतरी. ऑर्गन बावचळला.
मला वाटलं, चूक झाली, आता सगळे थांबतील.
मग खालून आलं ते.
पाण्यात रोवलेले खांब, वर फळ्या,
फळ्यांवर चाळीस जोड्यांचे बूट:
धम्म, आणि जरा थांबून, धम्म.
दहा नंबरच्या केसभर मागे.
सरोवरानं खालून तोंड लावल्यासारखं.

माझा डावा हात आपला दाबतच होता.
तीन नंबरची पाकिटं जात होती दारावरून,
घरात कुणी नव्हतं.
हेल्मीनं हात सोडवून घेतला, बोटं झटकली,
परत दिला.

नंतर कॉफीच्या रांगेत ताइस्तो माझ्या मागे.
कपात साखर ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाला,
“आज बास मागे पडत होता.”

म्हटलं, “तार जुनी झालीये.”

“बदलू नकोस,” तो म्हणाला,
आणि दुधाची किटली माझ्याकडे सरकवली.